स्काऊट पथकाचा पहिला मुक्काम : सरांनी हात मागे ठेवून शिबिर कसं घ्यावं

शाळेच्या स्काऊट पथकाचं एका रात्रीचं शिबिर बहुतेक वेळा एकाच तऱ्हेने बिघडतं. तंबू मंडपवाल्याची माणसं उभे करून देतात, स्वयंपाकाला आचारी असतो, लाकूडफाटा शिपाईमामा आणतात आणि मुलं स्कार्फ आणि वॉगल (स्कार्फ गळ्याशी अडकवायचं कडं) लावून फोटोपुरती रांगेत उभी राहतात. सगळे खूश होऊन परततात. पण घरी आलेल्या मुलाला विचारा, चुलीचं तोंड कुठल्या दिशेला होतं? त्याला सांगता येणार नाही, कारण चूल त्याने लांबूनच पाहिलेली असते.

पुढचा क्रम साधारण ३२ मुलांच्या पथकासाठी आहे. म्हणजे आठ-आठ मुलांचे चार संघ, दोन दिवस, एक रात्र, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान. गाईड, म्हणजे मुलींच्या, पथकालाही हाच क्रम चालतो, जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे. कब-बुलबुलच्या, म्हणजे स्काऊट-गाईडच्या आधीच्या धाकट्या गटाच्या, वयाच्या मुलांसाठी मात्र हा लेख वापरू नका, त्यांना दिवसाची सहलच पुरे.

## टप्पा १ : चार आठवडे आधी जागा बघून या

फोनवर ठरवलेली जागा म्हणजे न बघितलेलं स्थळ. स्वतः जा आणि संध्याकाळी चारच्या सुमाराला जा, कारण मुलं पहिली चूल त्याच वेळी मांडणार आहेत. वारा कुठून येतो, सावली कुठे सरकते, गावातली गुरं कुठल्या वाटेने परततात हे तेव्हाच दिसतं.

पाणी किती लांब आहे ते पावलांनी मोजा. झाडं बघताना मान वर करा. वाळलेली फांदी किंवा आग्या मोहोळ दिसलं तर ती जागा सोडून द्या. मोहोळाच्या खाली चुलीचा धूर गेला की काय होतं ते सांगायला नको. डिसेंबरनंतर सह्याद्रीच्या उतारांवरचं गवत वाळून कडकडीत झालेलं असतं, तिथे एक ठिणगी म्हणजे वणवा. नांगरट झालेलं किंवा पीक काढलेलं सपाट शेत, शेतकऱ्याच्या परवानगीने, हे पहिल्या शिबिराला सगळ्यात चांगलं. वनखात्याची हद्द असेल तर त्यांची लेखी परवानगी लागते, "आम्ही शाळेचे आहोत" एवढं पुरत नाही.

आता एक गोष्ट, जी जवळजवळ कोणी विचारत नाही. जवळच्या कुठल्या रुग्णालयात साप चावल्यावर द्यायचं औषध, म्हणजे प्रतिसर्पविष, ठेवलेलं आहे? प्राथमिक आरोग्य केंद्राचा बोर्ड बघून समाधान मानू नका, आत जाऊन विचारा. तिथे नसेल तर ग्रामीण रुग्णालयात विचारा. तिथवर पोचायला गाडीने किती मिनिटं लागतात ते लिहून घ्या.

कागदपत्रं थोडक्यात : मुख्याध्यापकांचं पत्र आणि शाळेमार्फत लागणारी परवानगी, जागामालकाची लेखी संमती, ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याला कळवल्याची पोच, पालकांचं संमतीपत्र. एसटी प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी बस भाड्याने, घेणार असाल तर शालेय सहलीच्या सवलतीची आगारात चौकशी करा आणि अर्ज वेळेत द्या. संमतीपत्राच्या मागच्या बाजूला आरोग्याची माहिती मागा : दमा, फिट, कशाची अ‍ॅलर्जी, चालू औषधं, झोपेत चालणं, अंथरूण ओलं होणं. शेवटची दोन पालक लिहीत नाहीत, लाजतात. त्यांना एकेकटं गाठून विचारा.

मोठी माणसं किमान चार हवीत. गाईड पथक असेल तर मुक्कामाला स्त्री शिक्षिकाच असल्या पाहिजेत, एक नव्हे, दोन. कुठलाही मोठा माणूस मुलांच्या तंबूत झोपणार नाही आणि कुठल्याही मुलासोबत आडोशाला एकटा थांबणार नाही. हा नियम सहकाऱ्यांना आधीच तोंडावर सांगायचा. कोणाला राग आला तर येऊ द्या.

इशारा : ओढ्याचं कोरडं पात्र सपाट आणि वाळूचं असतं म्हणून फार मोहात पाडतं. तिथे तंबू लावू नका. वरच्या अंगाला अवकाळी पाऊस झाला तर तुम्हाला कळायच्या आत पाणी येतं.

## टप्पा २ : संघनायकांना आधी तयार करा

पहिली चूक इथे होते. वर्गात पहिला येणारा मुलगा संघनायक केला जातो. संघनायकाला सात जणांचं पोट आणि सात जणांची भांडणं सांभाळायची असतात. ज्याच्या शेजारी बसायला धाकटी मुलं आपणहून जातात तो शोधा. आमच्याकडचा सगळ्यात चांगला संघनायक गणितात दोनदा नापास झालेला होता, पण डबा खाताना कोणाकडे भाजी नाही हे त्याला बरोबर दिसायचं.

चार संघनायक आणि चार उपसंघनायक यांची वेगळी बैठक घ्या. शिबिराबद्दलची प्रत्येक सूचना आधी त्यांना द्या, मग ती त्यांनीच आपल्या संघाला सांगायची. तुम्ही थेट ३२ मुलांना सांगितलंत तर संघनायकाचं पद त्याच दिवशी संपलं. मग शिबिरात सगळी मुलं "सर, सर" करत तुमच्याच मागे फिरणार, आणि दोष मुलांचा नसणार.

कामांची वाटणीही संघानेच करायची : दोघं स्वयंपाकाला, दोघं लाकूड आणि विस्तवाला, दोघं पाण्याला, एक सामान आणि प्रथमोपचार पेटीला. आठवा संघनायक. त्याच्याकडे ठरावीक काम नाही, जिथे हात कमी पडेल तिथे तो. दुसऱ्या दिवशी कामं बदलायची.

## टप्पा ३ : शाळेच्या मैदानावर तालीम

शिबिर बिघडतं ते इथे, आणि सुधारतंही इथेच. तीन शनिवार मोकळे ठेवा.

पहिला शनिवार, गाठी. रीफ नॉट (सारख्या जाडीच्या दोन दोरांची टोकं बांधायला), क्लोव्ह हिच (दोर काठीला बांधायला), शीट बेंड (जाड-बारीक दोर जोडायला), बोलाइन (न आवळणारा फास) एवढ्या चार गाठी आणि स्क्वेअर लॅशिंग, म्हणजे दोन काठ्या काटकोनात बांधणं, पुरे. वीस गाठींचा तक्ता पाठ करून घेण्यात अर्थ नाही. गाठ हातात आली की नाही हे तपासायची सोपी रीत म्हणजे मुलाचे डोळे स्कार्फने बांधा आणि दोर हातात द्या. रात्री तंबूची ताणदोरी सुटेल तेव्हा उजेड नसणार आहे.

स्क्वेअर लॅशिंगमध्ये हमखास होणारी चूक सांगतो. मुलं उभ्या काठीवर क्लोव्ह हिच मारतात, दोन्ही काठ्यांभोवती तीन-चार वेढे देतात आणि थेट शेवटची गाठ मारून मोकळी होतात. दोन काठ्यांच्या मधून, त्या वेढ्यांनाच आवळणारे जे दोन-तीन आडवे फेरे द्यायचे ते राहतात. बांधणी दिसते छान, पण पाण्याची बादली टांगली की घसरते. प्रत्येक संघाने दोन काठ्या बांधून त्यावर भरलेली बादली दहा मिनिटं टांगून दाखवायची. तुम्ही मध्ये हात घालायचा नाही. पडली तर पडू द्या, मैदानावर सांडलेलं पाणी स्वस्त आहे.

दुसरा शनिवार, चूल. प्रत्येक संघाने तीन दगडांवर फक्त चहा करायचा. काड्यापेटीतल्या पाच काड्या मोजून द्या. रॉकेल, प्लास्टिक, कागद यांना बंदी. बहुतेक संघांच्या पाचही काड्या वाया जातात, कारण मुलं जाड लाकूड आधी रचतात आणि काडी त्याला लावतात. मग त्यांना क्रम दाखवा : मुठीएवढं वाळलेलं गवत किंवा नारळाची शेंडी, त्यावर काडीइतक्या बारीक काटक्या, मग बोटाएवढ्या, शेवटी मनगटाएवढं लाकूड. लाकूड मोडताना कट असा आवाज आला पाहिजे. नुसतं वाकलं तर ते ओलं आहे आणि धूर सोडून काही देणार नाही.

तिसरा शनिवार, सॅक. हा पुढच्या टप्प्यात येतो.

तपासणी : तिसऱ्या शनिवारी एखाद्या संघाला अजून चहा उकळता येत नसेल तर शिबिर एक आठवडा पुढे ढकला. "तिथे गेल्यावर जमेल" असं म्हणू नका. तिथे गेल्यावर तुम्हीच चूल पेटवून द्याल.

## टप्पा ४ : सामान मुलानेच भरायचं

आई सॅक भरते. मग रात्री आठ वाजता मुलगा अंधारात सगळी सॅक उपसतो आणि बॅटरी सापडत नाही म्हणून रडकुंडीला येतो. बॅटरी असतेच, स्वेटरच्या बाहीत गुंडाळलेली.

म्हणून तिसऱ्या शनिवारी मुलांनी सॅक शाळेत आणायची, सगळं सामान चादरीवर मांडायचं आणि पुन्हा स्वतः भरायचं. शेवटी लागणारं तळाशी, आधी लागणारं वर. बॅटरी आणि पाण्याची बाटली बाहेरच्या कप्प्यात. भरून झाल्यावर सॅक पाठीवर घेऊन मैदानाला चार फेऱ्या. दुसऱ्या फेरीला मुलं आपणहून जादा सामान काढू लागतात, तुम्हाला बोलावं लागत नाही.

मुलाकडे : सतरंजी, पांघरूण, स्वेटर आणि कानटोपी, एक जादा कपड्यांचा जोड, दोन जोड मोजे, ताट-वाटी-पेला-चमचा (खाली नाव घातलेलं), टॉवेल, साबण, दंतमंजन, बॅटरी, दोन मीटर दोरी, वही-पेन. जानेवारीतली शेतातली पहाट शहरातल्या मुलांना ठाऊक नसते, कानटोपीवर आग्रह धरा.

संघाकडे : आठ-दहा लिटरचं जाड बुडाचं पातेलं, झाकण, डाव, उलथणं, विळी किंवा सुरी (ही संघनायकाकडेच), दोन बादल्या, ताडपत्री, गोणपाट, फावडं, मोगरी (खुंट्या ठोकायचा लाकडी हातोडा), खुंट्या, काड्यापेटी प्लास्टिकच्या डबीत.

पथकाकडे : प्रथमोपचार पेटी, दोन कंदील किंवा मोठे दिवे, आणि पाणी. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी पाच लिटर धरा. ३६ माणसांना १८० लिटर झालं, म्हणजे वीस लिटरचे नऊ जार. गावातलं पाणी भरणार असाल तर पिण्याचं उकळून घ्या.

मोबाइल मुलांकडे नको. खाऊही नको. वेफर्सची पुडी एकाच्या सॅकमध्ये निघाली की संघ फुटतो, आणि रात्री उंदीर येतात ते वेगळंच.

## टप्पा ५ : पोचल्यावरचे दोन तास

पोचल्याबरोबर तंबू लावायला धावू नका. सगळे तेच करतात, आणि तासाभराने मुलं एकामागून एक येऊन विचारतात, "सर, लघवीला कुठे जायचं?" तोवर चार जण झुडपामागे जाऊन आलेले असतात.

आधी जागेला फेरी मारून चार कोपरे ठरवा : स्वयंपाक, झोपण्याची जागा, शौचाची जागा, शेकोटी. शौचाची जागा वाऱ्याच्या खालच्या बाजूला, उताराला, आणि विहीर-ओढ्यापासून किमान पन्नास मीटर लांब. जवळ शाळेचं किंवा देवळाचं स्वच्छतागृह मिळत असेल तर सरळ तेच वापरा, खड्डा खणण्यात मोठेपणा नाही. खणायचाच तर एक फूट रुंद, दोन फूट खोल, खणलेली माती बाजूला ढीग करून त्यात फावडं रोवलेलं, भोवती गोणपाटाचा आडोसा, बाहेर पाण्याची बादली आणि दोरीने बांधलेला साबण. साबण बांधला नाही तर पहिल्या दहा मिनिटांत हरवतो. मुलींच्या शिबिरात आडोसा चारही बाजूंनी आणि आत टांगता दिवा हवा. सॅनिटरी पॅडसाठी झाकणाची वेगळी बादली ठेवा आणि ती कुठे आहे हे शिक्षिकेने आधीच सांगून ठेवावं.

काम एकाच वेळी चालवा. एक संघ शौचाच्या जागेवर, एक पाण्यावर, एक लाकडावर, एक सगळ्यांच्या झोपण्याच्या जागेचे दगड-काटे वेचायला. ते झालं की प्रत्येक संघ आपापला तंबू लावेल.

तंबूचं दार वाऱ्याकडे पाठ करून. आधी दार बंद करून चार कोपऱ्यांच्या खुंट्या ठोका, मग खांब उभा करा, मग ताणदोऱ्या. दार उघडं ठेवून कोपरे ठोकले की नंतर दार लागतच नाही. खुंटी सरळ न ठोकता तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलती ठोकायची. ताणदोरी रात्री दवाने ओढली जाते, म्हणून झोपण्याआधी एकदा सैल करून बघा.

तपासणी : प्रत्येक दोरीला एक पांढरी चिंधी बांधली आहे का? अंधारात अडखळून पडणाऱ्यांत शिक्षकच जास्त असतात, अनुभवाने सांगतो.

## टप्पा ६ : खिचडी

पहिल्या रात्रीला मुगाच्या डाळीची खिचडीच करा. भाकरी नवशिक्यांना थापता येत नाही आणि तुरीची डाळ उघड्या पातेल्यात लवकर शिजत नाही. आठ भुकेल्या मुलांना तांदूळ ८०० ग्रॅम, मूगडाळ ३०० ग्रॅम, चार बटाटे, चार कांदे, फोडणीचं सामान. पाणी साधारण साडेचार लिटर.

चारला सुरुवात, साडेपाचला जेवण, अंधार पडायच्या आत भांडी घासून झाली पाहिजेत. याचं कारण नीटनेटकेपणा नाही. सांडलेल्या शितांवर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

चुलीभोवती तीन मीटर गवत काढून जमीन उघडी करा. बाजूला एक बादली पाणी, एक माती. दगड नदीतले ओले नकोत, तापल्यावर तडकतात. चुलीचं तोंड वाऱ्याकडे, म्हणजे वारा आत शिरून विस्तव फुलवतो. पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा पातळ हात फिरवा, काजळी मातीसकट धुतली जाते. हे आजीला माहीत होतं, आपण विसरलो.

लाकूड आणायला गेलेल्या मुलांना एक गोष्ट बजावून सांगा : कण्हेरीची फांदी ना जाळायला आणायची, ना खिचडी ढवळायला. कण्हेर विषारी आहे. रुई आणि शेराचा चीक डोळ्यांत गेला तर तेवढाच वाईट.

क्रम असा. आधी दुसऱ्या भांड्यात पाणी गरम करा. पातेल्यात फोडणी, कांदा, बटाटा, धुतलेले डाळ-तांदूळ परता, गरम पाणी ओता, उकळी फुटली की लाकडं मागे ओढून विस्तव कमी करा. इथेच खिचडी खालून करपते, कारण मुलांना मोठा जाळ आवडतो. झाकणावर पाणी ठेवा, वरून कमी पडलं तर तेच गरम पाणी घालता येतं.

मीठ घरून मोजून पुडीत आणायचं, या मापाला ४० ग्रॅम, आणि ते घालण्याचा अधिकार एकालाच. आमच्या एका शिबिरात एकाने मीठ घातलं, तो पाण्याला गेला, दुसऱ्याने पुन्हा घातलं. खिचडी तोंडात घालवेना. शेजारचे संघ मजा बघत होते. मी काही बोललो नाही, आणि ते फार अवघड गेलं. दहा मिनिटांनी त्यांच्या संघनायकाने बाकीच्या तीन संघांकडे जाऊन एकेक पातेलीभर अळणी भात मागून आणला, खारटात कालवला, आणि सगळे जेवले. मी मध्ये पडून बिस्किटांचे पुडे काढले असते तर त्या मुलाने ते दार ठोठावलंच नसतं.

कच्चं राहिलं, करपलं, उशीर झाला, तर होऊ द्या. तुमच्या पिशवीत शेंगदाणे-गूळ असू द्या, पण त्याचा पत्ता कोणाला लागू देऊ नका. मध्ये पडायचं ते फक्त तीन गोष्टींत : विस्तव, सुरी आणि पाणी. तिथे क्षणही थांबायचं नाही.

स्वयंपाकघरामागे दोन खड्डे. ओल्या खड्ड्यावर गवताचा थर ठेवून खरकटं पाणी त्यातून ओता, सुक्यात राख आणि सालं. प्लास्टिक कुठल्याच खड्ड्यात नाही, ते पोत्यातून परत न्यायचं.

## टप्पा ७ : शेकोटी आणि रात्र

शेकोटी दीड तासापेक्षा जास्त लांबवू नका. सुरुवात आरोळ्या आणि हसवणाऱ्या खेळांनी, शेवट हळू गाण्यांनी. उलटं केलंत तर मुलं रात्री बारापर्यंत झोपत नाहीत. नाटुकली आधी संघनायकांकडून ऐकून घ्या. कोणाच्या बोलीची, रंगाची, आडनावाची, तोतरेपणाची टिंगल असेल तर ती तिथेच बदलायला लावा. शेकोटीला एकदा हसं झालेलं मूल पुढच्या शिबिराला येत नाही.

विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता. हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन बघा. ऊब लागते तोवर विझलेली नाही.

झोपण्यापूर्वी हजेरी संघनायकांनी घ्यायची आणि तुम्हाला आकडा द्यायचा. बूट तंबूत, सकाळी झटकून घालायचे, विंचू असतो. ताडपत्रीच्या कडा आत दुमडा आणि अंथरूण जमिनीवर लोळू देऊ नका. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून रात्री कोणी पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात असं म्हणालं तर "अपचन असेल" म्हणून झोपवू नका. गाडी काढा, १०८ ला फोन करा, चावलेला अवयव हलू देऊ नका. कापणं, चोखणं, करकचून बांधणं, मांत्रिक, यातलं काहीही नको.

पहारा दोन-दोन मुलांचा, एकेक तास, सोबत एक मोठा माणूस जागा. मुलांना हा तास फार आवडतो.

कोणीतरी रडणार. घरची आठवण बहुधा साडेनऊ-दहाला येते. लगेच घरी फोन लावून देऊ नका, आईचा आवाज ऐकून ते आणखी फुटतं. त्याला पहाऱ्यावर बसवा, कंदिलाची काच पुसायला द्या. अंथरूण ओलं झालेल्या मुलाची सतरंजी पहाटे कोणी उठायच्या आत हलवली पाहिजे. जादा पांघरूण तुमच्याजवळ असू द्या आणि त्याबद्दल नंतर चकार शब्द नको.

## टप्पा ८ : सकाळ आणि आवराआवर

व्यायाम, पोहे, तंबू-तपासणी. तपासणीत गुण द्यायचे तर इस्त्रीच्या घडीला देऊ नका. खड्डा झाकला आहे का, दोर गुंडाळून ठेवला आहे का, सगळ्यात धाकट्या मुलाला आपलं काम सांगता येतं का, हे बघा.

आवरताना क्रम उलटा. तंबू आधी, स्वयंपाकघर नंतर, शौचाचा खड्डा सगळ्यात शेवटी बुजवायचा. तो आधी बुजवला की बस येईपर्यंतच्या दोन तासांत पंचाईत होते. मग ३२ मुलं एका ओळीत, हातभर अंतरावर, मान खाली घालून शेताच्या एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत चालत जातील आणि दिसेल ते उचलतील. एक फेरी कधीच पुरत नाही. शेतमालकाला बोलावून जागा दाखवा आणि आभार संघनायकांनी मानायचे, तुम्ही नाही.

## टप्पा ९ : परतल्यावर

दवाने भिजलेला तंबू गुंडाळून कपाटात गेला तर पुढच्या वर्षी बुरशीचे डाग आणि कुबट वास घेऊन बाहेर येतो. सोमवारी मधल्या सुट्टीत मैदानावर वाळत घाला. उसनी पातेली घासून, मोजून परत. पैशांचा हिशेब चारही संघनायकांच्या सह्यांनी फलकावर लावा, उरलेले अकरा रुपये असले तरी.

त्याच आठवड्यात संघनायकांची बैठक घ्या आणि फक्त दोन प्रश्न विचारा : काय हरवलं, आणि पुढच्या वेळी काय न्यायचं नाही. उत्तरं त्यांच्याच अक्षरात वहीत लिहून ठेवा. आमच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलं आहे, "मीठ एकानेच." त्याखाली दुसऱ्या अक्षरात : "सरांनी मोठा चाकू आणू नये, आमच्याकडे आहे."